दुगारवाडीला आम्ही दोघंच

लेक शिकायला पुण्याला होस्टेलवर गेली आणि आमच्या घरात शब्दांची टंचाई झाली. "दूध तापलं?" "तापलं." "लाईट गेली का?" "गेली." झाला दिवसभराचा संवाद. ती होती तेव्हा नवरा तिच्याशी बोलायचा, मीही तिच्याशीच बोलायचे, आणि आपण सगळे एकमेकांशी बोलतोय असं आम्हाला वाटायचं. सासू-सासरे आता राहिले नाहीत. म्हणजे पुढचं सगळं आयुष्य मला या एकाच माणसाबरोबर काढायचं होतं, आणि शेतातली शेवंतीची फुलं सोडून याच्याशी बोलायला आपल्याकडे काही आहे का, तेच मला माहीत नव्हतं. या विचाराची भीती वाटायची. उत्सुकताही तेवढीच वाटायची.

फक्त दोघं असे आम्ही कधी कुठे गेलोच नव्हतो. लग्नानंतरच्या देवदर्शनालाही जीपमध्ये नणंदा, भाचे आणि एक आत्या होती, आणि आत्या आमच्या दोघांच्या मधे बसली होती. पुढे आम्हाला शेवंतीने धरून ठेवलं. गणपती झाले की नवरात्र, नवरात्र झालं की दिवाळी. फुलं तोडायची आणि पहाटे नाशिकच्या बाजारात न्यायची. मधे पितृपक्षाचे पंधरा दिवस तेवढे फुलांना कोणी विचारत नाही.

"मग त्या दिवसांत बॅकपॅकिंगला जा ना," लेक फोनवर म्हणाली. पाठीवर सॅक टाकायची, एसटीने जायचं, पुढे पायी फिरायचं, असं तिने समजावून सांगितलं.

"म्हंजे आपन रोज करतो तेच," हे म्हणाले.

शेजारच्या काकूंनी कुंपणावरून हटकलंच. "पितरांच्या पंधरवड्यात कुठं निघालात गं फिरायला?"

"काकू, आमचे पितरबी फुलवालेच व्हते," हे म्हणाले. "त्यांनाबी याच दिवसांत सुट्टी असायची."

काकू हसून आत वळल्या. मी मात्र चकित झाले. हा माणूस काकूंशी एवढं बोलतो, मग माझ्याशी का नाही?

एसटीत मी ठरवून टाकलं होतं की शेताचं नाव काढायचं नाही. त्र्यंबक मागे पडलं. हे खिडकीतून लोकांची भातं बघत होते.

"तुम्हाला लहानपणी काय व्हायचं होतं हो?" मी विचारलं.

ह्यांनी पुढच्या थांब्यापर्यंत विचार केला आणि म्हणाले, "कशाला?"

मी कपाळावर हात मारून घ्यायचीच राहिले.

जव्हारच्या रस्त्यावर दुगारवाडीच्या धबधब्याच्या फाट्यावर उतरलो आणि चालायला लागलो. लेकीची जुनी सॅक ह्यांच्या पाठीवर होती. थोड्या वेळाने बघते तर ह्यांचा डावा हात खाली-वर, खाली-वर चाललेला. पाठीवरचा औषधाचा पंप मारून मारून लागलेली ती सवय. पाठीवर ओझं आलं की हात आपला दांडा मारू लागतो.

"काय फवारताय?" मी विचारलं.

हे हसले आणि हात खिशात घातला. वाटेवर सोनकीची पिवळी फुलं माजली होती. हे खाली बसले, एक फूल उलटं करून देठ पाहिला, हुंगलं, पाकळी चोळली. "तोडल्यावर लय टिकत नसंल," एवढंच म्हणाले. पण ज्या कुतूहलाने त्यांनी ते फूल पाहिलं, तसं पाहताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आमच्या शेवंतीकडे ते बघतात, तेही कीड शोधायला.

दरीत उतरताना आधी नुसती घरघर कानावर आली आणि मग समोर धबधबा दिसला. कड्यावरून एवढं पाणी कोसळत होतं की खालचा डोह तुषारांनी झाकून गेला होता. शेजारी एक तरुण जोडपं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होतं. "काय?" "काय म्हणालास?" शेवटी दोघं वैतागून आपापल्या मोबाइलकडे वळली, आणि तो केस सावरत स्वतःचे फोटो काढू लागला. इथे तर बोलायची सोयच नाही, माझ्या मनात आलं. बरंच झालं म्हणा.

मी सामानापाशी थांबले. हे ओढ्याच्या उथळ पाण्यातून पलीकडे गेले, एका दगडावर बसले आणि तिथून हात हलवला. पंजा पालथा, बोटं थरथरत. पाणी गार आहे. मी चिमूट तोंडाशी नेली. जेवायचं? त्यांनी तळहात दाबल्यासारखा खाली केला. थांब जरा. मग कड्याच्या माथ्याकडे बोट दाखवून हात फिरवला. एवढं येतं कुठनं? मी खांदे उडवले. ह्यांनी त्या तरुणासारखे केस सावरून दाखवले. मी डोळे वटारले. ते हसायला लागले, आणि मग मीही.

हे सगळं मला कळत कसं होतं? मोठ्या फवारणीच्या दिवशी पाठीवरचा पंप पुरत नाही, फवाऱ्याची मोटार धडधडत असते. मी मोटारीपाशी आणि हे नळी घेऊन वाफ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. नळी सोड, ओढ, औषध संपलं, चहा ठेव, तुझा पदर सांभाळ. सगळं हातांनी. आम्ही लग्नापासून बोलतच होतो की! आणि मी मेली घरात बसून शब्द मोजत होते. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात ह्यांनी एक खूण केली. बाजूच्या दगडावर दोनदा थापटलं. मला कळेना. दगडावर काही आहे का? टॉवेल हवाय? मी टॉवेल उंच धरून दाखवला. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं आणि पुन्हा थापटलं, जरा चिडून.

मग उजेड पडला. इकडे ये, बस माझ्याजवळ. ही खूण आमच्याकडे नव्हतीच, कारण मोटारीपाशी उभं राहणाऱ्याने जागा सोडायची नसते. आणि मोटारीपाशी कायम मीच असायचे.

मी चपला हातात घेतल्या आणि पाण्यात पाय टाकला.