आठ इंची पाइप

पहाटे साडेतीनला मुकादमांचा दिवस सुरू व्हायचा. पाचला पाणी सुटायचं. त्याआधी पाइपाचा जोड पक्का व्हायलाच हवा. एकतीस वर्षं त्यांनी या शहरात पाण्याचे पाइप पुरले. टेकडीखालचा स्वतःच्या घरापुढचा रस्ता तर चार वेळा खणला. आधी तीन इंची, मग चार, मग सहा, शेवटी आठ. नकाशा काढताना मोजलेली माणसं खड्डा बुजवेपर्यंत दुप्पट झालेली असायची.

"साहेब, बारा इंची टाका."

"मुकादम, एवढी माणसं आधी कागदावर दाखवा."

"कागदावर कशाला? माझ्या घरी या, तिथेच दाखवतो!"

खोटं नव्हतं. त्यांच्या जुन्या गावाला बारमाही नदी होती, पण गिरणी बंद पडली आणि हाताला काम उरलं नाही. इथे पाण्याची बोंब. तरी दोन कारखाने, मोठं इस्पितळ आणि उठणारी प्रत्येक इमारत माणूस मागायची. मुकादम एकटे आले. मागोमाग धाकटा भाऊ, मेहुणा, मेहुण्याचा शेजारी, शेजाऱ्याचे दोन पुतणे. प्रत्येकाची पहिला महिनाभर पथारी मुकादमांच्याच खोलीत.

ते निवृत्त झाले तेव्हा घरच्या नळाला करंगळीएवढी धार होती. दोन वर्षांत तीही गेली. गल्लीत घरोघरी लाइनीला मोटर लावून पाणी ओढत होते. अशा मोटरी मुकादमांनी नोकरीत असताना स्वतःच्या हाताने तोडल्या होत्या. "मोटर लावणारा शेजाऱ्याच्या तोंडचं पाणी पळवतो," ते म्हणायचे, आणि हट्टाने लावत नव्हते. गुडघे धरलेली बायको जिन्याखालच्या सार्वजनिक नळावरून कळशा वर वाहायची.

"अहो, गावभर पाणी पाजलंत, आणि आमच्याच घशाला कोरड!"

"माझा एक जोड गळत असेल तर दाखव."

"जोड गळत नाहीत हो. पण पिणारी निम्मी माणसं तुम्हीच आणलीत!"

चौथ्या दिवशी ती कळशीसकट जिन्यावरून घसरली. मनगट मोडलं.

तिला प्लास्टर घालून घरी आणल्यावर मुकादमांनी बँकेतून फंडाचे पैसे काढले आणि एक अश्वशक्तीची मोटर आणली. कुणाला हात लावू दिला नाही. स्वतःच बसवली, नेहमीसारखी चोख. पहाटे टाकी काठोकाठ भरली.

सकाळी गल्लीच्या टोकाला राहणारा मेहुणा रिकामी बादली घेऊन दारात उभा.

"दाजी, आमच्याकडे आज थेंब नाही. लाइन फुटली का हो कुठे?"