समोरच्या दुकानाचा भाव

महाराजांच्या राज्यात मंगळवार पेठेत मी घासलेटचं दुकान थाटलं, तेही बरोब्बर एका जुन्या घासलेटवाल्या चाचांच्या समोर. दुसरीकडं जागा मिळत होती. पण गिऱ्हाईक तिथं येतंच हाय, ते नुसतं आपल्याकडं वळवायचं, एवढं माझं डोकं. भांडवलासाठी बायकोची म्हैस विकली. तिनं रेडकापासनं वाढवलेली, तिच्याशिवाय दुसऱ्याला धार काढू न देणारी. वर्षाच्या आत दुसरी आणून दारात बांधतो, असा तिला शब्द दिला.

पहिल्याच आठवड्यात एक बाई बाटली पुढं करत म्हणाली, "समोर बाटलीमागं पैसा कमी हाय की." खरं-खोटं करायला चार पावलं जायचं होतं. पण समोरच्याला भाव विचारणं म्हणजे आपलं नाक आपण कापून घेणं, असं आम्हा दुकानदारांत मानत. मी मुकाट भाव उतरवला. तिकडं चाचांनी उतरवला. मग पुन्हा मी. आख्खी पेठ खूश. जोतिबाच्या वाटेवरच्या गावांतनं लोक डबे घेऊन यायला लागले.

"बघ, कसली गर्दी हाय," मी बायकोला म्हणालो.

"गर्दी हाय, पर गल्ल्यात काय हाय?"

तिला धंद्यातलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो. शहाणपण तर माझ्याकडं उतू जात होतं.

शेवटी तीच रस्ता ओलांडून चाचांना विचारून आली. "ते म्हणत्यात, तुमच्या मालकानं पाडला म्हणून मी पाडला. त्यांनी आदी कुणाला कमी भावानं दिलंच नव्हतं." म्हणजे पेठेनं दोघांनाही झुलवलं होतं.

त्या संध्याकाळी चाचा स्वतः दुकानात आले. "पावणं, दोघं मिळून एकच भाव धरूया. तुमी बी जगा, मी बी जगतो."

गुमान व्हय म्हणायचं की नाही? पण माणूस आपल्या दारात आला म्हणजे तो टेकीला आला, असा मी हिशेब मांडला. "बघू की," म्हणालो आणि सकाळी आणखी खाली उतरलो. चाचांचं दुकान स्वतःच्या मालकीचं, माझं भाड्याचं. एवढी साधी गोष्ट मला दुकानाला कायमचं कुलूप लावताना कळली. दिवाळीसुद्धा निघाली नाही.

दुसऱ्याच दिवशी चाचांचं घासलेट पहिल्या भावाला जाऊन बसलं आणि पेठ माझ्यावरच उखडली. "तुमी दम धरायला पायजे हुता," असं मला भर रस्त्यात ऐकवलं. ते मी हसण्यावारी नेलं.

बायको मात्र रोज सकाळी तांब्या घेऊन शेजारणीकडं दुधाला जायची. शेजारीण धार काढायला बसली, की ही त्या परक्या म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवत उभी राहायची. मला ती एका शब्दानं कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ती तिथं उभी असलेली आमच्या दारातनं दिसायची. तेवढ्या वेळात मी घरात थांबत नसे.