बोलतं करणारे आतोबा

अख्ख्या ठाणे जिल्ह्यात माझ्या आतोबांइतका चौकस माणूस दुसरा झाला नाही, आणि देवाची आपल्यावर कृपा असेल तर पुढेही होणार नाही. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. कल्याणात वैद्यकी करत. ताप आला, पाय मुरगळला अशा सरळ दुखण्यांना ते मुकाट्याने काढा नाहीतर लेप देत, पण त्यात त्यांचा जीव रमत नसे. तीन वैद्यांनी आणि एका डॉक्टराने हात टेकलेला रोगी दारात आला, की मात्र त्यांचा चेहरा असा उजळे, की जणू मुलीला मनाजोगतं स्थळच सांगून आलं आहे. लगेच रोग्याचं मनगट धरायचे आणि तासभर सोडायचे नाहीत. ‘नाडी कसली बघतायत! पाहुणा पळून जाऊ नये म्हणून धरून ठेवतात,’ असं आत्या म्हणे.

त्यांच्या प्रश्नांचा आजाराशी काडीचा संबंध नसे. पोट दुखणाऱ्या बाईला, ‘घरच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला?’ महिनोन्‌महिने झोप न येणाऱ्या म्हाताऱ्याला, ‘लेक सासरी कशी आहे?’ एकदा डोकं गच्च बांधून एक कापडवाला आला. त्याचं रडगाणं ऐकता ऐकता आतोबा एकदम ओरडले, “थोरल्या भावाशी बोलणं कधीपासून बंद आहे?” तो डोकं विसरून उठून उभाच राहिला. “तुम्हाला कोणी सांगितलं?” “तुम्हीच! आल्यापासून ‘आम्ही दोघे भाऊ, आम्ही दोघे भाऊ’ म्हणताय आणि नाव मात्र धाकट्याचंच घेताय!” आनंदाच्या भरात आतोबांचं उपरणं खलबत्त्यात पडलं.

खाडीकडच्या मिठागरात राबणारी एक आगरी बाई तर साऱ्या आळीला ठाऊक झाली. तिच्या घशाखाली घास उतरत नसे. “वैदबुवा, गल्यान कायतरी अरकलंय,” म्हणायची आणि गळा धरून बसायची. वाळून काडी झाली होती. आतोबांनी चार दिवस तिला नुसतं बोलतं केलं. बारा वर्षं सासू टाकून बोलत होती आणि या माउलीने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं. पाचव्या दिवशी आतोबांनी उपरणं डोक्यावरून पदरासारखं घेतलं, ओटीवर फतकल मारली आणि म्हणाले, “मी तुझी सासू. बोल आता!” बाई आधी लाजली, मग हसली, आणि मग अशी काही सुटली की समोरच्या घरांतली माणसं दारात आली. गंमत म्हणजे आतोबाही रंगात येऊन सासूच्या वतीने खणखणीत उत्तरं देऊ लागले. आत्या धावत बाहेर आली. “अहो, तुम्ही वैद्य आहात, सासू नव्हे!” बाई घटकाभर भांडली, घटकाभर रडली, आणि मग मागच्या पडवीत बसून दोनदा भात मागून घेऊन जेवली. घास थोडे दिवस अधूनमधून अडकत राहिला, मग अडकेनासा झाला.

मी या साऱ्याला हसत असे. मग माझ्यावरच पाळी आली.

ठाण्याच्या कचेरीत मी कारकून होतो. माझ्या मोडी अक्षराचा लौकिक होता. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाला माझा उजवा हात आखडू लागला. बोरू धरला की बोटं लाकडासारखी होत, मनगटातून कळ निघे. शेक झाला, तेल झालं, दंडाला ताईतही झाला. शेवटी अव्वल कारकून म्हणाले, “दोन महिने रजा घ्या. हात चालला तर या, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.” घरात मिळवता मी एकटाच. मी कल्याणची गाडी पकडली.

आतोबांनी हाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणाले, “खराब झालेले कागद आण.” पुढच्या रविवारी मी कचेरीतली रद्दी नेली. ते ओटीवर पालथे पडून एकेक कागद न्याहाळू लागले आणि एकाएकी ताडकन उठले. “अरे! तुझा हात आजारी नाही! ‘मंजूर’ बघ, कसं मोत्यासारखं आहे! आणि हे बघ, ‘देता येत नाही’, ‘देण्यात येऊ नये’. शाई सांडली आहे ती सगळी नकारावर, ‘येऊ नये’वर तर सर्वांत जास्त! बस, लिही.”

ते सांगू लागले, “आज सौभाग्यवतीने फणसाची भाजी केली. ती खारट झाली.”

“मुळीच खारट झाली नव्हती!” आत्या आतून म्हणाली.

“खारट झाल्याचा तिला पत्ता लागला नाही. लिहिलंस?”

मी हसत हसत लिहिलं. कागदाचा अर्धा बंद भरला! बोटं घोड्यासारखी पळत होती. मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. मग त्याच सुरात आतोबा म्हणाले, “पाहुण्यांनी येऊ का म्हणून विचारले आहे, परंतु घरात गडबड असल्यामुळे तूर्त येऊ नये.”

बोरू कडकन मोडला.

एरवी उड्या मारणारा माणूस अगदी हळू आवाजात म्हणाला, “हे कोणाला लिहिलं होतंस?”

“यमूला.”

यमू माझी धाकटी बहीण, मुरबाडकडे दिलेली. चैत्रात तिचं पत्र आलं होतं. अंगात कणकण असते, महिनाभर माहेरी येऊ का? घरात मुंज होती. वडील म्हणाले, लिही, तूर्त येऊ नये. मी लिहिलं. विसाव्या दिवशी यमू गेल्याचा निरोप आला.

“मजकूर वडिलांचा होता,” मी म्हणालो.

“आणि अक्षर?”

“अक्षर माझं. तिला लांबूनही ओळखू यायचं. तिला लिहायला मीच शिकवलं होतं, चोरून.”

हे तोंडून निघालं आणि मला रडू कोसळलं. आतोबांनी पुढे काही विचारलं नाही. नुसता माझा हात हातात घेऊन बसले.

त्यानंतर दर रविवारी मी जाऊ लागलो. ते यमूबद्दल बोलायला लावत. ती कैऱ्या कशा पाडायची, मला वेडावून कशी दाखवायची. वडिलांचा राग आला होता, तोही बाहेर आला. एका रविवारी आतोबांनी पुढ्यात कागद ठेवला. “तेव्हा जे लिहावंसं वाटत होतं, ते आज लिही.”

“पाठवू कुठे?”

“टपालाची काळजी तुला कशाला? लिही.”

‘चि. सौ. यमूस आशीर्वाद. गाडी पाठवतो. निघून ये.’ एवढ्याला मला तासभर लागला. अक्षरं वेडीवाकडी आली, हात ठणकला, पण थांबला नाही. पुढच्या रविवारी कमी ठणकला.

रजा संपली त्या दिवशी कचेरीत पहिलाच मसुदा हाती आला, ‘सबब अर्ज मंजूर करता येत नाही.’ ‘येत’पर्यंत आलो, थांबलो, श्वास घेतला आणि ‘नाही’ लिहिलं. मागे अव्वल कारकून उभे होते. “अक्षर जरा वाकडं आलंय,” ते म्हणाले. त्यांना मिठी मारावी असं मला वाटलं! यमूची आठवण काही गेली नाही. आजही येते. पण आता ती आली तर मी रडू शकतो, बोटं आखडत नाहीत.

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचे दिवस झाल्यावर मी आणि आत्या ओटीवर बसलो होतो. माणसं येऊन येऊन गेली होती आणि घर एकदम मोकळं वाटत होतं. मी म्हणालो, “आत्या, माझा हात त्यांनी बरा केला नसता, तर मी आज कुठे असतो कोण जाणे.”

आत्या म्हणाली, “तुझ्या हाताला काय झालं होतं रे?”

“म्हणजे? तुला त्यांनी सांगितलं नाही?”

“नाही बाई. तू दर रविवारी का येतोस म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, ‘पोराला तुझ्या हातचं जेवण आवडतं, म्हणून येतो.’ मी आपली दर रविवारी काहीतरी गोडाचं करायची.”

मी आत्याच्या जवळ सरकून बसलो आणि तिला यमूच्या पत्राची गोष्ट सांगू लागलो.