दुसऱ्याच्या घरचा सोमवार

८ जुलै २०२४, सोमवार. घरात राहणारा जीव एक. त्या घराची किल्ली बाळगणारे जीव दोन.

चंद्रप्रभाबाई त्या दिवशी निवृत्तांच्या साप्ताहिक बैठकीहून परतल्या तेव्हा पुढच्या खोलीतला टीव्ही चालू होता. पडद्यावर कोणी स्वामी कन्नडमध्ये प्रवचन करीत होते. आवाज जावयाने ठेवून दिलेल्या मोठ्या स्पीकरांतून येत असल्यामुळे तो पार स्वयंपाकघरातल्या डब्यांपर्यंत पोचत होता. घरात कोणी नव्हते. भांडी घासून पालथी घातलेली होती, पोळ्यांचा डबा ओट्यावर होता, बाहेरचे कुलूप जसेच्या तसे होते.

बाईंना कन्नड येत नव्हते. घरकामाला येणाऱ्या जगदेवीला येत होते. पायांतल्या चपला काढून होईपर्यंत बाईंचा निर्णय झालेला होता.

हा वेग त्यांनी एका दिवसात कमावलेला नव्हता. चाकूरजवळच्या खेड्यातून लातूरला शिकायला आलेली ही मुलगी पुढे मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागली आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. पण तिची ख्याती वर्गातली नव्हे, परीक्षेच्या हंगामातली. दहावी-बारावीच्या दिवसांत भरारी पथकाची जीप निलंग्याच्या बाजूला वळली आणि तीत चंद्रप्रभाबाई आहेत असे कळले, की केंद्राभोवतीच्या भिंतींवरून माणसे आपोआप खाली उतरत. मुलाचा खांदा कसा उतरला आहे, यावरून मांडीखाली काय आहे हे त्या ओळखत. त्यांचा अंदाज चुकला असे कधी कोणाच्या ऐकिवात नव्हते. ज्यांच्याबाबत तो चुकला असेल, ती मुले पुन्हा त्यांना भेटायला येण्याचा प्रश्नच नव्हता. अशा रीतीने आपण अचूक आहोत, ही खात्री त्यांना मिळाली आणि ती निवृत्तीनंतरही त्यांच्याजवळच राहिली.

पती माधवराव गेल्यावर त्या घरात एकट्या उरल्या. मुलगी मृण्मयी हैदराबादला. आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यावर मुलीच्या ध्यानात आले, की टीव्ही, केबलचा डबा आणि आवाजाचे यंत्र यांचे वेगवेगळे रिमोट आईला वाचता येत नाहीत, आणि न वाचता आल्याचे ती कबूलही करीत नाही. म्हणून तिने नांदेडच्या रविकांतला गाठले. त्या सोमवारच्या आदल्याच आठवड्यात त्याने भिंतीवर, दिव्याच्या बटणांशेजारी, ठळक मराठी अक्षरांचा कीपॅड बसवला: बातम्या, गाणी, रेडिओ, आवाज जास्त, आवाज कमी, सर्व बंद. एक बटण दाबले की मागे साखळीने कामे होत. आधी टीव्ही जागा होई, तो नीट जागा होईपर्यंत यंत्रणा थांबे, मग आवाजाचे यंत्र सुरू होई, आणि शेवटी केबलच्या डब्याच्या डोळ्यावर चिकटवलेल्या मण्याएवढ्या दिव्यातून वाहिनीचा क्रमांक जाई. सगळे काही टीव्हीमागे ठेवलेल्या छोट्या पेटीत भरलेले होते. तो जाताच बाईंनी रिमोट कपाटात कुलूपबंद केले आणि जगदेवीला सांगितले, "भिंतीवरच्या त्या पाटीला हात लावायचा नाही. पुसायलासुद्धा नाही."

"बरं," जगदेवी म्हणाली होती.

जगदेवी निलंग्यापलीकडच्या, अगदी सीमेवरच्या गावची. पन्नाशीतली. दुपारी स्वतःच्या किल्लीने दार उघडून ती काम करी आणि बाई परतण्याआधी दुसऱ्या घरी, उज्वला देशमुखांकडे जाई. ती या घरात बरीच वर्षे होती. वर्षे वाढली म्हणून विश्वास वाढतोच असे नाही. पुष्कळ घरांत तो पगारासारखाच ठरलेला राहतो आणि वाढवायचा विषय कोणी काढत नाही.

बाई त्या सोमवारी काहीच बोलल्या नाहीत. पकडण्याआधी बोलायचे नाही, हा त्यांच्या कामाचा पहिला नियम होता. पुढच्या सोमवारी बैठकीला निघताना त्यांनी बोटाने अंगाला लावायची पावडर घेतली आणि कीपॅडच्या सगळ्या बटणांवर तिचा पातळ थर दिला. परत आल्या तेव्हा स्वामी बोलत होते. बाईंनी चष्मा बदलून, विजेरी धरून बटणे पाहिली. पावडर जशीच्या तशी होती. एका कणालाही धक्का लागलेला नव्हता. कपाटाचे कुलूपही शाबूत होते.

इथे एखाद्याने जगदेवीला निर्दोष मानले असते. बाईंनी ती अधिक चतुर असल्याचे मानले. पुरावा नाही, याचा अर्थ पुरावा ठेवलेला नाही. मग त्यांना आठवले, की कीपॅड बसवायच्या दिवशी जगदेवीने रविकांतला पोहे दिले होते आणि त्याने तिला गाव विचारले होते. गाव कशाला विचारायचे? शिवाय त्याने बाईंच्या मोबाइलवर काहीतरी घेतले होते, मग स्वतःच्या मोबाइलवर काहीतरी केले होते. हल्ली लांब बसूनही सगळे लावता येते, असे त्या ऐकून होत्या. आज टीव्ही लागतो. उद्या घरात कोण आहे, कोण नाही, हेही कोणाला कळत असेल. त्या रात्री त्यांनी कीपॅडवर टॉवेल अडकवला.

दुसऱ्या दिवशी जगदेवी आली तेव्हा बाई दारातच बसल्या होत्या.

"किल्ली दे."

"का वो बाई?"

"सोमवारी दुपारी टीव्ही कोण लावतं?"

जगदेवीने हात पदराला पुसले. हात कोरडेच होते. "म्या न्हाई लावत."

"मग कन्नड काय मला कळतं?"

"तुम्हाला न्हाई कळत, आन् मग भिंतीला कळतंय व्हय?"

"उलट बोलू नकोस. कोण लावतं ते सांग."

जगदेवीने बाईंकडे नीट पाहिले, जणू तीच तपासायला आली आहे. "कोण लावतंय ते तुम्हालाच ठाव असंल," ती म्हणाली, आणि कमरेच्या पिशवीतून किल्ली काढून तिने उंबऱ्यावर ठेवली.

बाईंना हा उद्धटपणा वाटला, आणि उद्धटपणा हा त्यांच्या अनुभवात नेहमी कबुलीच्या आदल्या पायरीवर येत असे. सायंकाळी त्यांनी उज्वला देशमुखांना फोन केला. सावध करणे हे कर्तव्यच आहे, असे त्यांना वाटले. "चोरी म्हणत नाही मी," त्या म्हणाल्या, "पण घरात कोणी नसताना ती काय करते याचा भरवसा नाही. त्या कीपॅडवाल्या पोराशीही तिचं काहीतरी संधान दिसतं." चोरी हा शब्द त्यांनी नाकारण्यासाठी उच्चारला होता. पलीकडे तो तेवढाच पोचला. देशमुखांकडचे कामही जगदेवीच्या हातून गेले.

पुढच्या सोमवारी बाई बैठकीला गेल्या नाहीत. पावसाचे नुसतेच आभाळ होते. जेवण झाल्यावर त्या खुर्चीत बसून दैनिक वाचत होत्या. तीनच्या सुमारास भिंतीवरच्या टॉवेलाआड काहीच हलले नाही. पण समोरचा काळा पडदा उजळला, आवाजाच्या यंत्रात टक्क झाले, आणि स्वामींनी त्यांच्या तोंडावर हात जोडले.

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. जगदेवी गल्लीतून मोबाइल दाबत असणार, अशी त्यांची समजूत झाली होती. गल्लीत सामसूम होती. केळीच्या गाड्यावर गाडेवाला स्वतःच पेंगत होता. त्यांनी पुन्हा एकदा कोपऱ्यापर्यंत पाहिले. मग परत येऊन टॉवेल काढला आणि 'सर्व बंद' दाबले. स्वामी गेले.

त्यांनी मृण्मयीला फोन लावला.

"आई, रविकांतला बोलाव. यंत्राचं काहीतरी असेल. आणि तोवर जगदेवीला काही बोलू नकोस."

बाईंनी हातातल्या टॉवेलाची घडी घातली.

"आई, बोललीस?"

"किल्ली घेतली."

"आई गं," मृण्मयी म्हणाली.

रविकांत दोन-तीन वेळा वायदा करून अखेर आला. लॅपटॉप मांडीवर घेऊन तो फरशीवर बसला. बाई त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या, हात मागे बांधून.

"काकू, तुम्ही असं मागं उभं राहिलात की माझी बोटं चुकतात."

"चुकणारी बोटंच मला बघायची आहेत."

तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्याने पेटीतला प्रोग्राम उघडला, बटणांची नावे एकेक करून पाहिली, सगळे जागच्या जागी होते. "बघून राहिलो मी, जरा थांबा," असे पुटपुटत त्याने आणखी एक पान उघडले आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे बापरे. हे तर गुरुबसप्पा अण्णांचं."

"कोण गुरुबसप्पा?"

"निलंग्याचे, काकू. बी-बियाण्याचं दुकान आहे त्यांचं. तुमच्या आधी त्यांच्याकडं काम केलं. सोमवारी ते दुकानातून उशिरा जेवायला येतात, त्यांना आल्या आल्या प्रवचन पाहिजे असतं. म्हणून सोमवारी तीनला आपोआप लागेल असं करून दिलतं."

"मग ते माझ्या घरात कसं?"

रविकांतने मान खाजवली. "दर घराला नवा प्रोग्राम कोण लिहितं, काकू? मागच्या घरचा उचलायचा, बटणं बदलायची, नावं बदलायची. तुमची समदी बदलली. हे टायमर तेवढं नजरेतून सुटलं. केबल पण एकाच कंपनीची, म्हणून नंबर दाबला की तीच वाहिनी लागली." मग आवाजात उत्साह आणून तो म्हणाला, "पण तिकडं अण्णांकडं एकदम बरोबर चालून राहिलंय हां!"

ज्या बाईंनी आयुष्यभर दुसऱ्याचे उत्तर उतरवणाऱ्यांना उठवून बाहेर काढले, त्या यावर काही बोलू शकल्या असत्या. रविकांतने एक कळ दाबली आणि गुरुबसप्पांचा सोमवार त्या घरातून नाहीसा झाला. इतके सोपे होते. यंत्राची चूक यंत्रात एका जागी होती, म्हणून ती तिथे जाऊन पुसता आली. बाईंची चूक आता त्यांच्या घरात राहिलेली नव्हती.

त्या जगदेवीकडे गेल्या. जगदेवी आता रोजंदारीवर डाळ मिलच्या आवारात, इतर बायकांच्या ओळीत, तुरीतले खडे निवडत होती. बाईंना पाहून ती उठली नाही. सुपातली तूर एकदा पाखडून झाल्यावर मगच बाजूला आली.

"यंत्राची चूक निघाली," बाई म्हणाल्या. "त्या पोरानं दुसऱ्याच्या घरचं इथं घातलं होतं. टीव्ही आपोआप लागत होता."

"हाव का," जगदेवी म्हणाली. "म्हंजी तुम्ही लावत नव्हता तर."

"मी?"

"मला वाटलं तुम्हीच लावून जाता. ही बसून बघती का, काम टाकती का, बघाया. पयल्या साली उशीखाली पाचशेची नोट ठेवत व्हता न्हाई? तसंच असंल म्हणलं."

नोटेबद्दल त्या दोघींत इतक्या वर्षांत एक अक्षर बोलले गेले नव्हते. जगदेवी नोट चहाच्या बशीत आणून ठेवी आणि बाई ती उचलत. बाईंना वाटे, तिला तो विसराळूपणा वाटतो.

"पण मग बंद तरी करायचा होतास."

"पाटीला हात लावू नको म्हणाला व्हता. लावला असता तर चोर. न्हाई लावला तर बी चोरच झाले की."

बाईंनी विचारू नये ते विचारले. "ऐकत होतीस?"

"ऐकत व्हते. कान काय घरी ठिवून यायचे? माझ्या आईच्या बोलीत कुणी बोलत असलं की भांडी हलकी लागत्यात." तिने पदर खोचला. "त्याचं काय पगारातून कापायचं असंल तर कापा."

"उद्यापासून ये, जगदेवी. किल्ली आणली आहे मी."

"ऱ्हाऊ द्या किल्ली. इथं शंभर जणींत बसते, कुणाचं काय गेलं तर माझ्याकडंच बघतील असं न्हाई. तुम्ही एक करा. उज्वलाताईंना माझं काय सांगितलं ते तुम्हाला ठाव हाय. तिथं जा आन् उलटं सांगा. माझ्यासमोर न्हाई सांगितलं तरी चालंल. त्या गल्लीत सांगा फक्त."

"सांगेन," बाई म्हणाल्या. त्या क्षणी त्यांना तसेच करायचे होते.

सोमवारच्या बैठकीत उज्वला देशमुख शेजारच्याच खुर्चीवर होत्या. "काय बाई, टीव्ही शांत झाला का तुमचा?" त्यांनी मोठ्याने विचारले. दोन-तीन माना वळल्या.

"झाला. प्रोग्राममध्येच गडबड होती."

"बघा!" उज्वलाताई सगळ्यांकडे पाहत म्हणाल्या. "म्हणजे प्रोग्रामसुद्धा बदलून घेतला तिनं त्या पोराकडून. किती पोचलेली असतात ही माणसं. बरं झालं, बाई, तुम्ही वेळेवर सांगितलंत."

चंद्रप्रभाबाईंनी तोंड उघडले. सगळे त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होते, भरारी पथकाच्या काळात पाहत तसे. तेवढ्यात चहा आला आणि अध्यक्षांनी महागाई भत्त्याचा विषय काढला.

त्यानंतर त्या गल्लीत जगदेवीला कोणी कामाला बोलावलेले नाही. तिने काहीही केलेले नव्हते, एवढे एक वाक्य चंद्रप्रभाबाईंनी उज्वला देशमुखांना सांगायचे आहे. ते अद्याप सांगितलेले नाही.