रंग पुसायची चिंधी

आमच्या ह्यांना सगळे ‘शिपाईवाले’ म्हणायचे. पोलिसात नव्हते हो! खेळण्यातले बोटाएवढे शिपाई रंगवायचे. कारखान्यातून करड्या शिपायांची पेटी यायची आणि खिडकीपाशी बसून हे त्यांच्यात जीव ओतायचे. अशी तीस वर्षं. माझ्याशी जेवढं बोलले त्याच्या दुप्पट त्या शिपायांशी बोलले असतील.

आधी अंगाचा गडद रंग, मग डगल्याच्या घड्यांत पातळ काळा सोडायचा. खरं काम त्यानंतरचं, उजेडाचं. खांदा, नाकाचा शेंडा, घडीची कड, जिथे जिथे ऊन पडेल तिथे फिकट रंग. कोरड्या कुंचल्यावर तो जरासा घ्यायचा, चिंधीवर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलासुरला उंचवट्यांवरून नुसता फिरवायचा. “दहातले नऊ भाग चिंधीला, एक शिपायाला,” म्हणायचे. “उजेड दिसला पाहिजे. पांढरा रंग दिसला की मेलं सगळं.”

आणि त्या चिंध्या धुणारी कोण? मी! रोज एक, रंगाने कडक झालेली. घासून घासून हात सोलून निघाले, पण ह्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द नाही. ह्यांचं तरी कोण करत होतं म्हणा! दुकानाचा मालक पेटी उघडायचा, दोनचार शिपाई उलटेपालटे करायचा आणि “ठीक आहे” म्हणायचा. तीस वर्षांत मेल्याची गाडी त्यापुढे गेली नाही.

साठी उलटली आणि एक दिवस मालक स्वतः घरी आला. “वा! आता कसे उठून दिसतात! दुकानाच्या काचेतून लांबूनही नजर जाते. असेच करत जा.”

हे लाजले. चक्क लाजले! त्या दिवशी ब्रश धुताना शीळ घालत होते. ह्यांना शीळ येते हे मला तेव्हा कळलं.

मी एक शिपाई उचलून पाहिला. अरे देवा! पिठाच्या डब्यातून काढल्यासारखा. कडांना जाड पांढऱ्या रेघा, नाकावर ठिपका. तेव्हा चिंध्यांचं कोडं सुटलं. हल्ली एकच चिंधी आठवडाभर पुरत होती. पुसलेल्या कुंचल्याचा उजेड ह्यांना दिसतच नव्हता, म्हणून हे न पुसताच फिरवत होते. डोळे गेले होते माझ्या माणसाचे.

मी बोलायला हवं होतं. पण ती शीळ ऐकली होती ना! तीस वर्षांनी माणूस खुशीत आहे, त्यावर विरजण कोण घालणार? मूग गिळून बसले. दोन वर्षं. धुवायला काही नसायचं, तरी ह्यांना शंका येऊ नये म्हणून मी रोज कोरी चिंधी भिजवून दोरीवर टाकत होते. लाज वाटते सांगायला.

शेवटी जिन्याची पायरी चुकली आणि हे पडले, तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशन झालं, नजर लख्ख आली. घरी आल्या आल्या ह्यांनी तयार असलेली पेटी उघडली. एक शिपाई पाहिला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिला.

“हे कुणी रंगवले गं?”

“तुम्हीच.”

दुसऱ्या दिवशी मालक आला. हे म्हणाले, “पेटी परत ठेवा. सगळे नव्याने करून देतो, पूर्वीसारखे.”

“छे, छे! पूर्वीचे कोण विचारतो आता? ऑपरेशनच्या आधीचेच हवेत.”

“तसे माझ्या हातून होणार नाहीत.”

“मग आराम करा,” म्हणाला आणि पेटी उचलून गेला. आता दुसरंच कुणी रंगवतं. समोर नमुना ठेवलेला असतो तो ह्यांच्याच आंधळेपणातला शिपाई. जळलं मेलं ते दुकान!

त्या संध्याकाळी ह्यांनी दोरीवरची चिंधी काढली, खिडकीपाशी नेली, उलटसुलट करून पाहिली. कुठे डाग नाही.

“दोन वर्षं तूच धूत होतीस ना?”

“हो.”

“मालकाला काडीचं कळत नाही, त्याचं सोड. तुला कळत होतं.”

तीस वर्षांत ह्यांनी माझं केलेलं कौतुक ते एवढंच.