फक्त पाणी मारलं

घर पूर्ण झालं की आम्ही बेघर व्हायचो.

माझं बालपण धुळ्यातल्या अर्ध्या घरांत गेलं. सोनगीरजवळच्या खेड्यातून आईबाप आले ते एक पत्र्याची पेटी आणि मला घेऊन. आबा बांधकामावर राखणदार. माय त्याच बांधकामावर पाणी मारायची. स्लॅब टाकून झाला की त्याच्याखाली आमची चूल. दार नाही, गज नाहीत, गिलावा नाही. दारं बसली, रंग लागला, की पेटी उचलायची आणि दुसऱ्या घराच्या पायावर जायचं.

मी दुसरीत होते. एका बंगल्यात आम्ही दीड वर्ष राहिलो होतो. मला ती खोली आमचीच वाटायला लागली होती. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मालकीणबाई आल्या. मी कोपऱ्यात पाटी घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. भिंतीवरच्या धुराच्या डागाकडे बघितलं आणि आबांना म्हणाल्या, "इथं चूल पेटवली तुम्ही? आता दोनदा धुवावी लागेल. एकदा पाण्यानं, एकदा गोमूत्रानं."

त्या भिंतीला माय रोज तीन वेळा पाणी पाजायची. सकाळी मला हलवून उठवायची, "ऊठ पोरी, भितले तीस लागनी व्हई." भिंतीला तहान लागते, हे मला शाळेच्या आधी माहीत होतं. आणि तीच भिंत आमच्यामुळे बाटली.

 मायनं पेटीला दोरी बांधली. "घर पुरं व्हयनं. चाल आते."

मालकीणबाईंना मीही काही बोलले नाही. ते पुढं बरीच वर्षं चाललं.

बारावीला चांगले मार्क पडले. जळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला नंबर लागला. वर्गात मुली दोनच. दुसरीचे वडील मोठ्या हुद्द्यावर होते. "तुझी आई काय करते गं?" तिनं विचारलं. "घरीच असते," मी म्हणाले. खोटं नव्हतं. फक्त घर दुसऱ्याचं होतं.

कॉलेजात स्थापत्य विद्यार्थी मंडळ होतं. व्याख्यानं, धरणावरच्या सहली, प्रश्नमंजूषा. मंडळाचं भित्तिपत्रक होतं, 'पाया' नावाचं. काचेच्या कपाटात लागायचं. एकदा मंडळानं आम्हाला एका बांधकामावर नेलं. खांबावर बारीक भेगा होत्या. सरांनी विचारलं, "कशामुळे?" पोरं पुस्तकातली कारणं सांगू लागली. मला दिसत होतं. तोंडातून निघून गेलं, "सर, याले पाणी कमी पडेल शे."

उत्तर बरोबर होतं. पण उत्तर कोणी ऐकलंच नाही. आमच्या अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात. "शे! शे!" सगळे हसत सुटले. सरही.

मंडळाचा सचिव ठेकेदाराचा मुलगा. मोटारसायकलवर यायचा. अभ्यासात शिअर फोर्स असतो, तुळईला आडवं कापू बघणारं बल. त्यानं माझं नाव ठेवलं 'शे-अर फोर्स'. रोज जिन्यात विचारायचा, "काय शे-अर फोर्स, आज किती किलोन्यूटन?" हे बल आधाराजवळ सगळ्यात जास्त असतं, असं पुस्तकात लिहिलं होतं. तेवढं त्यानं वाचलं नसावं.

मी बोलणं बंद केलं. होस्टेलच्या न्हाणीघरात नळ सोडून पुटपुटायचे, "आहे. आहे. आहे."

पण माझं अक्षर सुरेख होतं. म्हणून 'पाया' लिहायचं काम माझ्याकडे. मजकूर मंडळाचा, हात माझा, कपाटाची किल्लीही माझ्याकडे. नाव कुठंच नाही. एकदा सचिवानं कागद पुढं केला. "हे पण लिही. खाली जागा उरलीय." वाचलं. माझ्यावरचाच विनोद होता. शे-अर फोर्स बाई तुळईशी अहिराणीत बोलतात, मग तुळई हसून हसून मोडते.

मी लिहिला. माझ्या सुरेख अक्षरात. त्याच्या विनोदातली ऱ्हस्व-दीर्घाची चूकही दुरुस्त केली.

मालकीणबाईंचं बोलणं मी विसरू शकते. हे नाही. कारण हे माझ्या हातानं झालं.

तिसऱ्या वर्षी मंडळानं काँक्रीटची स्पर्धा ठेवली. चौघांचा संघ, तीन ठोकळे ओतायचे, अठ्ठावीस दिवस ओले ठेवायचे, मग मशीनवर दाबून फोडायचे. ज्याचे जास्त भार घेतील तो पहिला. बक्षीस मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते. सचिवानं मला स्वतःच्या संघात घेतलं. "हिला कालवायची सवय असणार." मी कालवलं. ते तिघं हात मागं बांधून उभे.

उन्हाळा लागला होता. प्रयोगशाळेचा हौद कोरडा. सगळ्यांनी आपापले ठोकळे मागच्या ओट्यावर गोणपाटाखाली ठेवले. होळीच्या सुट्टीत सगळे घरी गेले. मी एक दिवस धुळ्याला जाऊन आले. मायला सांगितलं. तिला हसू आलं. "तुमना कालेजमा बी पाणीच मारतस का?" मग गंभीर झाली. "वरतून वल्लं दिसनं म्हंजे व्हयनं नही. गोनपाट उचलीसन दख."

परत येऊन मी उचलून बघितलं. वरून ओलं, आत ठोकळ्याच्या कडा पांढऱ्या पडलेल्या. त्या दिवसापासून होस्टेलवरून बादली भरून रोज तीन फेऱ्या. जळगावचं ऊन. चप्पल डांबराला चिकटायची.

मशीनवर बाकीच्यांचे ठोकळे एकेक करून फुटले. आमच्या पहिल्या ठोकळ्यावर काटा पुढं जात राहिला.  तिन्ही ठोकळे असेच गेले. आम्ही पहिले.

संध्याकाळी सचिवानं 'पाया'चा मजकूर दिला. विजयी संघ म्हणून तीन नावं. शेवटची ओळ : 'पाणी मारण्यासाठी सहकार्य – एक विद्यार्थिनी.'

"माझं नाव?"

"अगं, तू फक्त पाणी तर मारलंस."

मागून एक जण म्हणाला, "आणि पाहुण्यांसमोर 'शे' म्हणालीस म्हणजे?"

हसले सगळे.

फक्त पाणी मारलं. मायचं सगळं आयुष्य त्या तीन शब्दांत मावलं. धुळ्यात तिनं पाणी पाजलेल्या किती भिंती उभ्या आहेत. एकीवरही तिचं नाव नाही. आणि आता ती ओळ लिहायला माझाच हात पाहिजे होता.

"हे मी लिहिणार नाही," मी म्हणाले.

"मग कोण लिहिणार?"

"मीच. पण हे नाही."

कोरा कार्डशीट घेतला. मोठ्या अक्षरात, अहिराणीत मथळा लिहिला : 'ठोकळे मजबूत शेतस.' खाली चार नावं. पहिलं माझं. त्याखाली : 'पाणी मारायला शिकवणारी', आणि पुढं मायचं नाव. पूर्ण, आडनावासकट. व्यवसाय : बांधकामावर पाणी मारणे. कपाटात लावलं. कुलूप घातलं. किल्ली मुठीत.

सकाळी विभागप्रमुखांनी बोलावलं. "ते काढ. पाहुणे येणारेत."

"सर, त्यातली खोटी ओळ दाखवा. तेवढी खोडते."

 ते म्हणाले, "निदान भाषा तरी नीट कर."

"दोन वर्षं मंडळानं याच शब्दावर जागा भरल्या, सर. तेव्हा भाषा नीट होती?"

 

बक्षिसाला मंचावर तीनच नावं पुकारली गेली. मी खालीच बसले होते. पण पाहुणे आत येताना कपाटापाशी थांबले होते, आणि वाचत होते. ते मी बघितलं. दुसऱ्या दिवशी किल्ली काढून घेतली गेली. मंडळातून माझं नाव कमी झालं. मुळात नाव नव्हतंच, ते कसं कमी केलं कोण जाणे.

मायनं त्यानंतर आणखी दोन घरं पूर्ण केली. दोन्हींतून बाहेर पडली. मला नोकरी लागली तेव्हा थांबली.

मी बी.ई. झाले. घराण्यातली पहिली. आज सरकारी बांधकामांवर मी अभियंता आहे. साइटवर गेले की आधी गोणपाट उचलून बघते. मग विचारते, "आठे पाणी कोन मारस?" ठेकेदार हसतात. नोंदवहीत पाणी मारणारीचं नाव लागतं. पूर्ण, आडनावासकट. ते लिहिल्याशिवाय मी सही करत नाही.