ओठांवरचे एक्के

सुरतेजवळ भेस्तानच्या आमच्या कापड कारखान्यात मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकूच येत नसे, म्हणून आम्ही सगळे एकमेकांचे ओठ वाचायचो. शेजारच्या मागांवर धुळ्याकडचा एक जण होता. सदऱ्याच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावणारा, कमी बोलणारा. वीज बंद असायची त्या दिवशी आम्ही तीन पत्ती खेळायचो. चाल चार आण्यांची, त्यावर वाढवायची नाही. एवढ्याशा पैशाला कोण घाबरणार? शेवटी कोणीतरी पत्ते दाखवायला लावायचाच, त्यामुळे हातात काही नसताना जिंकणं कोणाला जमत नसे.

हा मात्र पत्ते उचलले की मनाशी वाचायचा आणि त्याचे ओठ हलायचे. 'राजा, राजा' दिसलं की आम्ही पत्ते टाकून मोकळे. आपले ओठ हलतात हे त्याला ठाऊकच नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

एकदा त्याचे ओठ म्हणाले, 'एक्का, एक्का.' माझ्याकडे राण्यांची जोडी होती, ती मी टाकली. बाकीच्यांनीही टाकले. डाव त्याचा झाला. पुढची वाटणी माझी, म्हणून पत्ते गोळा करताना मी त्याचे उलटून पाहिले. दुर्री, पंजी, नव्वी. मी पाहिलं हे त्यानेही पाहिलं.

"आते तू वाट ना, भाऊ," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माग चालू असताना तो आपल्या जागेवरून माझ्याकडे बघून ओठ हलवत होता. 'तुझा धागा तुटला.' मी हसलो आणि मान फिरवली. हातभर कापड बिघडल्यावर माग थांबवला. वळून पाहिलं, तर तो अजून तेच सांगत होता.